तळहातावरचा फळा

'स्वेच्छा' ज्येष्ठ निवासात सकाळी साडेसातला जेवणाचा फळा लिहिला जायचा आणि पावणेआठला तो मीनाक्षीबाईंच्या तळहातावर उतरायचा.

हे काम आक्काचं. फळ्यासमोरच्या बाकावर दोघी जोडीनं बसायच्या. चहाचे कप बाजूला आणि पदराखाली हातात हात. बघणाऱ्याला वाटावं, काय गूळपीठ जमलंय दोन म्हाताऱ्यांचं! आक्का मान वर करून फळ्याकडं टक लावायची, आणि शेण, वैरण, धारा यात उभा जन्म घासलेल्या खरखरीत बोटानं बाईंच्या मऊ तळव्यावर एकेक अक्षर काढायची. तिच्या लेखी ती चित्रंच. तिला दिसायचं, पण वाचता येत नव्हतं. बाईंना वाचता येत होतं, पण दिसत नव्हतं.

"विळ्यागत हाय कायतरी, उलटा," आक्का पुटपुटायची.

"उ," बाई ओठातल्या ओठात म्हणायच्या.

"उ," आक्का मागोमाग म्हणायची. "म्होरं एक अर्धवट, आन् त्येला चिकटून तसलंच सबंध."

"प्प. कळलं. उप्पीट."

"आज बी उप्पीट? रवा संपत न्हाय व्हय ह्यांचा?"

मग बाई मान ताठ करून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात वाचायच्या, "आज उप्पीट! दुपारी मुगाची उसळ. रात्री मऊ खिचडी." हॉलमधल्या पंधरा-सोळा म्हाताऱ्या निर्धास्त व्हायच्या. त्याही फळा वाचू शकत होत्या, पण बाई वाचतात म्हटल्यावर चष्मा कोण शोधत बसणार?

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला ही दुमजली इमारत. चालवायचे गुरुप्रसाद सर. वय पस्तीस, पुण्याला जाऊन वृद्धसेवेचा कोर्स करून आलेले. इथं कुणाला 'आजी' म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम. त्यानं माणसाचा स्वाभिमान जातो. आणि प्रत्येक गोष्टीत 'निवड' द्यायची. चहा की दूध? गादी मऊ की कडक? आंघोळ आधी की नाश्ता? वर्षातून दोनदा 'निवड दिन' व्हायचा. त्या दिवशी खोली कुठली, सोबतीण कोण, खिडकीकडचा पलंग कुणाचा, सगळं ज्याचं त्यानं ठरवायचं आणि सही करायची. आक्का पहिल्यांदा आली तेव्हा तो चार पानी फॉर्म ऐकून म्हणाली होती, "माझं लगीन ठरलं तवा बी इतकं इचारलं न्हवतं कुणी."

एक गोष्ट मात्र विचारली जात नसे. वर कुणी जायचं.

खालचा मजला 'स्वावलंबी'. वरचा 'देखभाल'. निवड दिनाच्या आदल्या आठवड्यात तपासणी असायची. आपला फळा आपण वाचायचा, आपल्या गोळ्या आपण घ्यायच्या, आपला चहा आपण करायचा, गेटवरच्या वहीत आपलं नाव आपण लिहायचं. जमलं तर सहा महिने खाली. नाही जमलं तर वर. वर जाळीचा दरवाजा होता आणि कडी बाहेरून होती. वर एकच मोठा हॉल आणि जोडीजोडीनं लावलेले पलंग. आंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि वर एक बाई होती, तिला खाली कुणी पाहिलं नव्हतं. पण तिचा आवाज उजाडल्यापासून जिन्यावरून गळत असायचा. "सयाजीऽ, ए सयाजी, गेट उघड की रं!"

सयाजी तिचा मुलगा. तो दुबईला होता. गेट काही उघडत नव्हतं.

मीनाक्षीबाईंना त्या आवाजाची इतकी भीती होती, की तो सुरू झाला की त्या हळूच पाटावर बसवलेल्या लेकरागत मांडी घालून, शहाण्यासारख्या बसायच्या. मीनाक्षी हुक्केरीकर. चौतीस वर्षं मराठी शिकवलेलं. लग्न केलं नाही, घर भाच्याच्या नावावर करून आल्या. गेल्या वर्षी नजरेच्या बरोबर मधोमध एक राखाडी डाग बसला. कडेनं दिसायचं, म्हणजे दार, खांब, चालतं माणूस. पण जिकडं नीट बघावं तेवढंच नेमकं जायचं. अक्षर गेलं, चेहरे गेले. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही. बाईंनी तो कागद चार घड्या घालून ट्रंकेच्या तळाला पातळांखाली ठेवला. भाचा सौमित्र फोनवर म्हणाला होता, "मावशी, वर गेलीस तरी काय बिघडतं? तिथं उलट जास्त बघतात." बाईंनी त्यानंतर त्याला डोळ्यांचं काहीही सांगितलं नाही.

आक्कानं मात्र दुसऱ्याच दिवशी ओळखलं. चार नंबरच्या खोलीत ती नवीनच आली होती, कागलकडची. जमीन गेली तिथं कारखान्याची शेड उभी राहिली, मुलगा विजयसिंह त्याच शेडमध्ये सुपरवायझर झाला, आणि म्हशी विकल्यावर आईचं करायचं काय हे कुणाला सुचलं नाही. बाई चहा ओतत होत्या. चहा कपाच्या शेजारी, टेबलावर, छान संथ धारेनं.

"बाई, तुमास्नी दिसत न्हाय व्हय?"

"हळू बोल!"

"हळूच बोललो की. म्हस आंधळी झाली तर आमी तिला मारत न्हाय. फकस्त दावं आखूड करतो." आक्का फडक्यानं टेबल पुसत म्हणाली.

बाईंना राग आला, मग रडू आलं, मग त्या म्हणाल्या, "बोललो नाही, बोलले. तू बाई आहेस."

"आमच्यात बायका बी बोललोच म्हंत्यात," आक्का म्हणाली आणि त्यांच्या हातात भरलेला कप दिला. बाईंनी तिला पहिल्या दिवसापासून 'अगं आक्का' म्हटलं. आक्कानं त्यांना शेवटपर्यंत 'तुमी' म्हटलं. हे दोघींनाही बरोबर वाटत होतं.

मग सगळंच बसत गेलं. गोळ्या आक्का रंगावरनं लावायची. जुलैच्या तपासणीत बाईंनी फळा वाचला तो शेजारी उभ्या आक्काचा हात धरून. सरांना वाटलं, केवढी माया! आक्काला वाचता येत नाही म्हणून तिच्या कागदावर सरांनी 'सहवासिनीच्या मदतीने वाचन' असा शेरा मारून तिला सूट दिली. बाहेर पडल्यावर आक्का पोट धरून हसली.

शनिवारी संध्याकाळी आक्का गेटवरच्या वहीत बाईंचं पेन रेघेवर टेकवून द्यायची, बाई दोघींची नावं लिहायच्या आणि दोघी केएमटीच्या बसनं गंगावेशीला जायच्या. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असायच्या. समोर धार काढून फेसाळ, कोमट ग्लास हातात. पहिल्यांदा बाईंनी नाक मुरडलं. कच्चं दूध! आता त्या दोन ग्लास घ्यायच्या. आक्का म्हशीच्या मालकाला सांगायची, "पावणं, हिचा डावा सड दुखतोया, लई वडू नगा." तो म्हणायचा, "तुमास्नी कसं कळलं, आक्का?" ती म्हणायची, "तिनं सांगितलं की." आणि पदरानं बाईंच्या वरच्या ओठावरचा फेस पुसायची. बाईंच्या आयुष्यात एवढ्या जवळून त्यांचं तोंड कुणी पुसलं नव्हतं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नसतं. आक्कालाही सांगितलं नाही.

गडबड झाली ती पेपरमुळं.

रोज दुपारी बाई हॉलमध्ये पेपर उघडून आक्काला बातम्या वाचून दाखवायच्या. लोकांनी बघावं म्हणून. आक्का फोटो सांगायची आणि बाई बातमी रचायच्या. "एक एश्टी हाय, म्होरं काळं जनावर," आक्का म्हणाली, की बाई वाचायच्या, "गगनबावडा, ता. दहा. घाटात गव्याने एसटी अडवली. तब्बल दोन तास प्रवासी खोळंबले. अखेर कंडक्टरने तिकीट मागताच गव्याने काढता पाय घेतला."

आक्का मांडीवर थाप मारून हसायची. ती बातमी खोटी आहे हे तिला ठाऊक होतं, पण खऱ्या बातमीत एवढी मजा कुठली?

त्या दिवशी मागं संयोगिताबाई उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणायचे त्यांना. म्हणजे डॉक्टर नवरा होता, तो गेला, तोरा राहिला. त्यांनी पेपर सकाळीच संपवला होता.

"हुक्केरीकरबाई, ही बातमी कुठल्या पानावर?"

"अं? आतल्या."

"आतल्या पानावर तर वधू-वर आहेत."

"तुमचा पेपर वेगळा असेल," बाई म्हणाल्या आणि घडी घालून उठल्या. आक्का मागनं त्यांचा हात धरून चालली.

संयोगिताबाईंना दोन निवड दिनांपासून चार नंबरची खोली हवी होती. तिला पेरूच्या झाडाकडं उघडणारी गॅलरी होती. दोन्ही वेळा त्यांच्या फॉर्मवर 'जागा नाही' असं आलं होतं. त्यांनी फार विचार केला नाही. संध्याकाळी ऑफिसात जाऊन एवढंच म्हणाल्या, "सर, चार नंबरमध्ये एकजण दुसरीच्या जिवावर स्वावलंबी आहे. मला कुणाचं वाईट करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर सरांनी दोघींना फळ्यासमोर बोलावलं. हॉल रिकामा केला होता. फक्त संयोगिताबाई कोपऱ्यातल्या मनीप्लांटला पाणी घालत होत्या, आणि त्या मनीप्लांटला त्या दिवशी जन्मात मिळालं नसेल एवढं पाणी मिळालं.

"हे बघा," सर मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या कानावर आलंय की दोघींपैकी एकीचं सगळं दुसरी करते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण स्वावलंबन म्हणजे स्वावलंबन. मला खरं ते सांगा."

बाईंना वाटलं, संपलं. त्यांनी वाक्यसुद्धा जुळवलं. 'हो, मला दिसत नाही.' चार शब्द. तोंडही उघडलं. तेवढ्यात सर पुढं म्हणाले,

"बाई, तुम्ही शिक्षिका. शिकवायची, सांभाळायची सवयच असते. पण तुम्ही आक्कांचं कुठवर करणार?"

वरून आवाज आला. "सयाजीऽ, गेट उघड!"

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. एक निरक्षर शेतकरीण आणि एक निवृत्त बाई यांच्यात कोण कुणाचं करतं, हे विचारायची सरांना गरजही वाटली नव्हती. संयोगिताबाईंनाही नाही; गव्याची बातमी त्यांना अडाणी आक्काला रमवायचा खेळ वाटली होती. कोल्हापुरात कुणालाच वाटली नसती. दार आपसूक उघडलं होतं. बाईंनी ते ढकललं नव्हतं. त्यांनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"माणुसकी म्हणून करते मी," बाई म्हणाल्या. आणि मग, कुणी विचारलं नसताना, आणखी एक वाक्य म्हणाल्या. "पण आता माझ्यानंही होत नाही हो."

बाईंनी मान वळवली नाही. वळवली असती तरी आक्काच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डागच दिसला असता, हे त्यांचं नशीब.

"आक्का," सर म्हणाले, "मग तुमची ती सूट आता राहत नाही. तुम्ही स्वतः प्रयत्न कराल? फळ्यावर काय लिहिलंय?"

आक्का बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली. बाईंचा हात सवयीनं पदराखाली उघडा होऊन वाट बघत होता. त्याला काही मिळालं नाही.

"मला न्हाय येत वाचाय," आक्का म्हणाली.

"गोळ्या?"

"बाईच देत्यात."

"वहीत नाव?"

"त्येबी बाईच."

हे शेवटचं तेवढं खरं होतं. सरांनी लिहून घेतलं. म्हणाले, विजयसिंहांशी मी फोनवर बोलतो. विजयसिंह शिफ्टवर होता. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

आक्काचं सामान आवरायला पंधरा मिनिटं लागली. चार लुगडी, मिश्रीची डबी, केरबाचा फोटो. केरबा तिचा नवरा. फोटोत तो म्हशीशेजारी उभा होता आणि दोघांत म्हस जास्त ठळक होती. बाई पलंगावर बसून पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. आक्का भांडेल, शिव्या घालेल, अशी त्या वाट बघत होत्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पांढरी गोळी सकाळी. पिवळी जेवल्यावर," आक्का म्हणाली. "पिवळ्या पुडीला म्या दोरा बांधलाय. हाताला लागंल. चहाच्या कपात बोट घालून ओता, भाजलं तर भाजलं. मी जातो."

"जाते नाही," बाईंच्या तोंडून निघून गेलं, "येते म्हणावं, आक्का."

"येऊ देतील व्हय?" आक्का म्हणाली आणि वरच्या मजल्यावरच्या सई सिस्टरच्या मागनं जिना चढली. वरची कडी लागल्याचा आवाज खालीही आला.

संध्याकाळी संयोगिताबाई राहायला आल्या. त्या स्वच्छतेच्या फार पक्क्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंचं कपाट लावून दिलं, भांडी मांडून दिली आणि गोळ्यांच्या पुडीचा दोरा "हे काय गबाळ!" म्हणून कचऱ्यात टाकला. मग बाई कधी दोन पिवळ्या घ्यायच्या, कधी एकही नाही, आणि नाश्त्याला बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या. फळा वाचायला त्या जाईनाशा झाल्या. घसा बसलाय म्हणाल्या. पेपर मांडीवर ठेवून त्या मनातल्या मनात वाचल्यासारखं करायच्या आणि किती वेळानं पान उलटायचं याचा अंदाज घ्यायच्या.

शनिवारी त्या गेटपर्यंत गेल्या. वहीची रेघ सापडेना. पेन धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग "आज पाऊस आहे" म्हणून मागं फिरल्या. ऊन पडलेलं होतं.

खालच्यांना दुपारी चार ते पाच वर भेटायला जायची मुभा होती. बाई गेल्या नाहीत. गुडघा, जिना, उद्या. खरं म्हणजे तो कडीचा आवाज त्यांना जवळून ऐकायचा नव्हता. आणि आक्काला काय सांगायचं, ते ठरत नव्हतं.

आठव्या दिवशी सई सिस्टर खाली आली. साधी पोरगी, पोटात काही न ठेवणारी. खोलीच्या दारातूनच म्हणाली, "बाई, आक्कांनी विचारलंय, पिवळ्याचा दोरा आहे ना जागेवर? नसला तर म्हणाल्या, पुडीचा कोपरा दातानं तोडून ठेवा, म्हणजे ओळखू येईल."

संयोगिताबाई आरशासमोर केस विंचरत होत्या. विंचरायच्या थांबल्या. "कसला दोरा?"

बाईंना वाटलं, कडीचा आवाज अगदी खोलीच्या दारात आलाय.

"कसला दोरा नि काय!" बाई हसल्या. चांगल्या मोठ्यानं. "बिचारी! डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. वर गेलं की होतंच तसं. सांग तिला, बाई म्हणाल्या, देवाचं नाव घे."

सईनं वर जाऊन तसंच्या तसं सांगितलं. त्या पोरीला वाटलं, निरोप आहे, तो द्यायचा असतो.

पण संयोगिताबाईंच्या डोक्यात तो दोरा अडकला. दोन दिवस त्यांनी बाईंच्या हालचाली बघितल्या. खुर्ची एक हात सरकवून ठेवली, बाई आपटल्या. साखरेच्या जागी मीठ ठेवलं. बाई तो खारट चहा प्यायल्या आणि छान झालाय म्हणाल्या. मग रविवारी, सगळी जेवायला बसली असताना, त्यांनी बाईंच्या हातात एक पाकीट दिलं.

"हुक्केरीकरबाई, सुनेचं पत्र आलंय बंगलोरहून. माझा चष्मा सापडत नाही. तुमच्यासारखं वाचणारं आहे कोण इथं! मोठ्यानं वाचा, सगळ्यांनाच ऐकू दे."

बाईंनी पाकीट उघडलं. कागद गुळगुळीत, घडीचा. गव्यानं एसटी अडवलेली त्यांनी वाचली होती. एका सुनेचं पत्र काय अवघड? त्यांनी खाकरून घेतलं.

"तीर्थरूप आईंस, साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुमची फार आठवण येते. मुलं रोज विचारतात, आजी कधी येणार? तुमच्या हातच्या करंज्यांची सर इथल्या कशालाच नाही. दिवाळीला तुम्हाला न्यायला आम्ही नक्की..."

वाचता वाचता बाईंना सूर सापडला. चौतीस वर्षांचा आवाज परत आला. दुसऱ्या टेबलावरच्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मग कुणीतरी मागून वाकून कागद बघितला आणि "अगं बाई!" म्हणालं. तो आवाज टेबलाटेबलानं फिरला. चमच्यांचे आवाज थांबले.

"दिवाळीला नक्की काय?" संयोगिताबाईंनी विचारलं. "वाचा की. कोऱ्या कागदावर एवढं लिहिलंय, तर पुढंही असेल."

पहिल्यांदा एकच जण हसली. मग बाकीच्या. म्हातारी माणसं हसतात तेव्हा त्यांना मध्ये मध्ये खोकला येतो, म्हणून ते हसणं लवकर संपत नाही. पदर लावलेली बाई सगळ्यात शेवटी हसली, आणि सगळ्यात जास्त. संयोगिताबाईंना मात्र हसू आलं नाही. सुनेनं खरंच पाच वर्षांत पत्र धाडलं नव्हतं, आणि 'तुमची फार आठवण येते' हे त्यांनी बाईंच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी कागद बाईंच्या हातातून काढून घेतला आणि घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला.

गुरुप्रसाद सर फार चांगले वागले. "आधीच सांगितलं असतंत तर," एवढंच म्हणाले. आक्काबद्दल त्यांच्या लक्षात काही आलं का? आलं असेल. पण आक्काचा कागद झाला होता, फायलीला लागला होता, आणि पुढचा निवड दिन जानेवारीत होता.

बाईंची ट्रंक वर नेली. पायऱ्या अठरा होत्या, बाईंनी मोजल्या. मागं कडी लागली. ती बाहेरून लागते तेव्हा आतून तिचा आवाज वेगळाच येतो, जरा बारीक.

"वरही आपण निवड देतोच," सर चालता चालता म्हणाले. "इथं शेजार महत्त्वाचा. दोन पलंग मोकळे आहेत. एक आक्कांच्या शेजारी. दुसरा तिकडं, बाथरूमकडं." तिकडूनच आवाज येत होता. "सयाजीऽ..." "फक्त आपली पद्धत अशी, की शेजार दोघींच्या संमतीनं. तुमची निवड काय, बाई?"

"आक्का," बाई म्हणाल्या. गेल्या दोन आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदाच एखादा शब्द इतक्या घाईनं म्हटला.

"आक्का, बाई तुमच्या शेजारी आल्या तर चालेल?"

बाईंना मिश्रीचा वास आला, ओळखीचा. डागाच्या कडेला एक लुगडं दिसलं. काय बोलायचं ते बाईंनी ठरवलं होतं. आक्का, मी घाबरले गं. आक्का, ते मी तसं म्हणायला नको होतं. पण सर होते, सई होती. बाईंनी फक्त हात पुढं केला. तळवा वर. रोज सकाळी करायच्या तसा.

थोडा वेळ तो हात तसाच हवेत राहिला. मग त्याच्याखाली दुसरा हात आला. खरखरीत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

बोट टेकलं आणि फिरू लागलं. आज ते चाचपडत नव्हतं. विळा नाही, शेपूट नाही, 'कायतरी हाय' नाही. सरळ दांडी, तिला आडवी रेघ, रेघेला गाठ. वर नीट शिरोरेघ. बाईंनी सवयीनं, ओठातल्या ओठात नव्हे, चक्क मोठ्यानं वाचलं.

"न."

मग पुढचं. मध्ये दांडी, एका अंगाला पोट, दुसऱ्या अंगाला आकडा. पुढं काना, वर मात्रा. मात्रासुद्धा जिथल्या तिथं.

"को."

सरांनी वहीत लिहिलं. "संमती नाही. छान, आक्का. अगदी स्पष्ट सांगितलंत."

बाई तशाच उभ्या राहिल्या. समोर फळा नव्हता. आक्का बघून काढत नव्हती. तिनं ते मनातून लिहिलं होतं. म्हणजे हिला येत होतं. रोज सकाळी बाई अक्षर म्हणत होत्या, आणि ती मागोमाग म्हणत होती, आणि बाईंना वाटत होतं, चाळा आहे म्हातारीचा. त्या दिवशी फळ्यासमोरही येत होतं. नुसतं 'उप्पीट' म्हणाली असती तर खाली राहिली असती. मग सरांनी पुढचा प्रश्न बाईंना विचारला असता.

"आक्का," बाई म्हणाल्या, "तू वाचायला शिकलीस?"

आक्कानं हात सोडला. तिच्या पलंगाची करकर ऐकू आली. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती.

सईनं बाईंना दंडाला धरून बाथरूमकडच्या पलंगावर नेऊन बसवलं. शेजारून दोन सुरकुतलेले हात आले आणि त्यांनी बाईंचं मनगट घट्ट पकडलं. "आलास व्हय रं?" ती बाई म्हणाली. "गेट उघडलंस?" बाईंनी हात ओढून बघितला. पकड म्हशीच्या दाव्यासारखी होती.

वरही फळा होता. कुणी वाचत नसलं तरी नियम म्हणून रोज लिहायचे. दुसऱ्या दिवशी पावणेआठला हॉलच्या त्या टोकाहून आवाज आला. मोठा, ठणठणीत, एकेक अक्षर कणसाच्या दाण्यासारखं सुटं करत.

"आ... ज. पो... हे. दु... पा... री. व... र... ण. भा... त. को... शीं... बी... र. का... क... डा... ची."

आवाज थांबला. कुणासाठी वाचलं, ते कळायला मार्ग नव्हता. खाटांवरच्या कुणालाच कशाचं काही नव्हतं.

काकडीची, बाईंच्या तोंडाशी आलं. दुसरी वेलांटी गं, आक्का, काकडीची.

शेजारच्या दोन हातांनी मनगट हलवलं. "गप बस की रं, सयाजी," ती बाई म्हणाली. बाई गप्प बसल्या.